साठीनंतरची उठबस

गेल्या नरकचतुर्दशीची गोष्ट. आमच्या घरच्या शिरस्त्याप्रमाणे पहाटे साडेचारला सारे उठले. पाटाभोवती रांगोळी निघाली, पितळी वाटीत सुगंधी तेल कोमट करून ठेवले गेले, उटण्याचा वास घरभर पसरला. मी पाटावर बसलो. सौभाग्यवतींनी तेल लावले, सूनबाईंनी औक्षण केले, धाकट्या नातवाने गॅलरीत फुलबाजी लावली. येथपर्यंत सर्व यथासांग झाले. मग स्नानाला जायचे म्हणून मी हात टेकला, आणि उठलोच नाही.

पहिल्या खेपेस गुडघा कुरकुरला. दुसऱ्या खेपेस कंबरेने नकार दिला. तिसऱ्या खेपेस तेलाचा हात फरशीवरून सटकला आणि मी पाटावर पुन्हा बसता झालो. तेवढ्यात थोरला नातू पुढे आला. ‘थांबा आजोबा,’ म्हणत त्याने माझ्या काखेत हात घातले आणि एक, दोन, तीन करून मला उभे केले. सगळे हसले. मीही हसलो. चिरंजीव म्हणाले, ‘पुढच्या वर्षी बाबांना प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसवू या.’

त्या स्टुलाने माझी दिवाळी खाल्ली. फराळ केला, पाहुणे झाले, दिवाळी अंक चाळले. पण डोळ्यांसमोर एकसारखी आई येत होती.

माझी आई चौऱ्याहत्तराव्या वर्षी न्हाणीघरात पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, हाड सांधले, पण ती आपली आपण पुन्हा उठू शकली नाही. त्यानंतर ती चौदा महिने होती. सकाळ-संध्याकाळ मी तिच्या काखेत हात घालून तिला उठवीत असे, आणि मी उठवीत असताना ती नेहमी भिंतीकडे पाही. आयुष्यभर घरात सर्वांच्या आधी उठून सर्वांना उठविणारी ती बाई. तिने दुखण्याची तक्रार फारशी केली नाही. फक्त भिंतीकडे पाही. त्या पहाटे नातवाने मला उचलले तेव्हा मी कोठे पाहत होतो, हे मला नंतर आठवले. मी गॅलरीतल्या फुलबाजीकडे पाहत होतो.

अशा रीतीने वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मी योगासनांकडे वळलो. मोक्षासाठी नव्हे, कांती उजळावी म्हणूनही नव्हे. पाटावरून आपल्या पायांनी उठता यावे, एवढ्याचसाठी.

पहिला पराक्रम

प्रथम मी पुष्कळांच्या हातून होते तीच चूक केली. कोणाला न विचारता घरीच आरंभ केला. मोबाईलवर एक सडपातळ तरुण हलासन करून दाखवीत होता. शाळेत असताना मी हलासन करीत असे, ही आठवण पक्की होती. मधल्या पन्नास वर्षांची मात्र त्या क्षणी आठवण झाली नाही. पाय डोक्यामागे गेले, ते जमिनीला टेकण्यापूर्वीच मान अशी काही धरली की पुढचे दहा दिवस कोणी हाक मारली तर मी सबंध देहानिशी वळत असे. सौभाग्यवतींचा अभिप्राय थोडक्यात होता : ‘अहो, उठता येत नाही म्हणून निघालात, ते झोपूनच राहिलात!’

आमचे डॉक्टर या प्रकाराला हसले नाहीत. त्यांनी रक्तदाब पाहिला, गुडघ्यांची जुनी चित्रे काढून पाहिली आणि म्हणाले, ‘योग जरूर करा. पण पुस्तकातली आसने तुमच्या अंगावर चढवू नका. तुमच्या अंगाला बेतेल तेवढेच आसन घ्या. आणि समोर शिकविणारे माणूस असू द्या.’ ते समोरचे माणूस मला आमच्या गल्लीतल्या विठ्ठलमंदिरात सापडले. तेथे सकाळी साडेसहाला सभामंडपात ज्येष्ठांचा वर्ग भरतो. शिकविणाऱ्या बाई पन्नाशीच्या आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी मला आसन सांगितलेच नाही. एक सतरंजी व एक खुर्ची दिली आणि म्हणाल्या, ‘काका, आधी खाली बसा आणि वर उठा. मला नुसते पाहू द्या.’

माणूस उठतो कशाने?

त्या दिवशी बाईंनी आम्हाला ब्राझीलमधील एका चाचणीविषयी सांगितले. क्लॉडिओ गिल अराउजो नावाच्या डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ५१ ते ८० वर्षे वयाच्या २,००२ स्त्रीपुरुषांना अनवाणी उभे करून जमिनीवर बसावयास व पुन्हा उठावयास सांगितले. बसण्याला पाच गुण, उठण्याला पाच. हात, गुडघा, कोपर, जे काही टेकावे लागेल त्याचा एक गुण वजा. तोल गेला तर अर्धा. मग त्या माणसांवर सुमारे सहा वर्षे लक्ष ठेवले. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना तीन किंवा त्याहून कमी गुण मिळाले होते त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण आठ ते दहा गुण मिळविणाऱ्यांच्या पाचपटींहून अधिक होते.

याचा अर्थ पाटावरून उठता न येण्याने माणूस मरतो असा कोणी करू नये. ही चाचणी म्हणजे आरसा आहे. मांड्यांची ताकद, सांध्यांची लवचीकता, शरीराचा तोल आणि अंगावर वाढलेले वजन, या चारही गोष्टी त्यात एकदम दिसतात. मला त्या आरशात साडेतीन गुण दिसले. बसण्याचे साडेतीन, उठण्याचे शून्य.

घरी आल्यावर मी विचार करू लागलो की, हे गुण गेले कोठे? मुले असताना आम्ही सर्व दिवसभर जमिनीवरच होतो. जेवणे पाटावर, अभ्यास सतरंजीवर, शौच उकिडवे, पंगतीत वाढणे वाकून. आई विळीवर भाजी चिरी, जमिनीवर बसून दळण निवडी, सारवण करी. दिवसातून किती वेळा ती खाली बसे व वर उठे, याची मोजदाद कोणी केली नाही. पुढे नोकरी लागली, चाळीतून फ्लॅटमध्ये आलो. जेवणाचे टेबल आले, ओटा आला, कमोड आला, पलंग आला, धुण्याचे यंत्र आले. एकेक वस्तू आली तेव्हा आम्हाला आनंदच झाला, आणि तो खोटा नव्हता. जुन्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा बेत नाही. त्याच काळात पाठीला कुबड आलेल्या आज्या घरोघर होत्या आणि गुडघे धरून जिना चढणाऱ्या मावश्याही होत्या. पण एवढे खरे की, आमच्या नव्या घरात जमिनीला टेकण्याचे एकही कारण उरले नव्हते. चाळीस वर्षे मी जमिनीला टेकलो नाही. मग वर्षातून एकदा दिवाळीच्या पाटावर बसल्यावर जमिनीने मला कसे सोडावे?

त्यात वय. शास्त्र असे सांगते की, तिशी उलटली की दर दहा वर्षांनी स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. मात्र याच शास्त्राने दुसरीही बाजू दाखविली आहे. बॉस्टनमधील संशोधकांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या घरातील दहा अशक्त माणसांकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करवून घेतला. १९९० साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत पायांची ताकद दुपटीहून अधिक झाल्याचे दिसले. तो प्रयोग वजने उचलण्याचा होता, आसनांचा नव्हता. पण नव्वदीतले स्नायूसुद्धा बोलावल्यास ओ देतात, एवढे त्यावरून समजले. मी तर अजून सत्तरीलाही पोहोचलो नव्हतो.

‘आता या वयात?’

वर्गाला जातो असे कळल्यावर परिचितांनी हाच प्रश्न विचारला. त्याचे उत्तर फार जुने आहे. पंधराव्या शतकातील ‘हठयोगप्रदीपिके’त स्वात्मारामाने स्पष्ट म्हटले आहे की तरुण असो, वृद्ध असो, अतिवृद्ध असो, आजारी वा दुबळा असो, आळस टाकून अभ्यास करणाऱ्याला योग साधतो. नुसत्या वाचनाने साधत नाही, हेही त्यानेच सांगून ठेवले आहे. आणि पतंजलीने आसनाच्या दोनच अटी घातल्या आहेत : ते स्थिर असावे आणि सुखाचे असावे. माझ्या हलासनात या दोन्हींपैकी काहीच नव्हते.

महाराष्ट्राला तर या बाबतीत दूर जावयास नको. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच पुढचे स्वामी कुवलयानंद, यांनी बडोद्यात क्ष-किरणांच्या साहाय्याने यौगिक क्रियांचा अभ्यास केला आणि १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली. आसनांनी शरीरात नेमके काय घडते ते यंत्राने मोजून पाहावे, श्रद्धेवर सोडू नये, हा त्यांचा आग्रह. १९२७ साली रक्तदाब वाढून महात्मा गांधींना सक्तीची विश्रांती घ्यावी लागली, तेव्हा त्यांनी आसनांविषयी सल्ला घेतला तो स्वामी कुवलयानंदांचाच. गांधीजी त्या वेळी ५७ वर्षांचे होते.

पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार तर आमच्यासारख्यांचे मोठेच उपकारकर्ते. लहानपणी ते स्वतः दुखणाईत होते. १९३७ साली, अठराव्या वर्षी, ते पुण्यात शिकवावयास आले आणि पुणेकरच झाले. १९५८ साली त्यांनी बेल्जियमच्या राजमाता एलिझाबेथ यांना, त्यांनी ऐंशी ओलांडलेली असताना, शीर्षासन शिकविले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पण मला त्यांचे मोठेपण दुसरीकडे दिसते. लाकडी ठोकळे, दोर, पट्टे, लोड, घड्या घातलेली कांबळी आणि साध्या पत्र्याच्या खुर्च्या, असल्या घरगुती वस्तू त्यांनी आसनांच्या कामी लावल्या. हात जमिनीपर्यंत पोहोचत नसेल तर हाताखाली ठोकळा ठेवावा; म्हणजे जमीनच वर आली! वाकणे जमत नाही म्हणून कोणी आसनापासून वंचित राहू नये, ही त्यामागची दृष्टी. २०१४ साली, ९५व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. नव्वदी उलटल्यावरही त्यांचा स्वतःचा अभ्यास चालू होता.

कोइमतूरच्या व्ही. नानम्माल नव्वदी ओलांडल्यावरही आसने शिकवीत असत; २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अशा माणसांना नमस्कार करावा. पण त्यांच्याशी स्पर्धा करू नये. आमच्या वर्गात गुडघा बदललेल्या निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, एस.टी.चे एक निवृत्त चालक आहेत, जावई लोणच्याची बरणी उतरवून देईपर्यंत थांबावे लागते याचा राग येऊन आलेल्या एक आजी आहेत. आमची उद्दिष्टे बरणीएवढीच आहेत.

उठण्याची विद्या

बाईंनी मला पहिले तीन आठवडे जे शिकविले ते कोणत्याही जुन्या ग्रंथात सापडावयाचे नाही. परंतु माझ्या मते साठीपुढील प्रत्येकाने ते प्रथम शिकावे. जमिनीवरून सरळ उठण्याची धडपड करू नये. आधी कुशीवर वळावे. हातांनी रेटा देऊन अंग उचलावे व रांगत्या मुलासारखे हातगुडघ्यांवर यावे. समोर मजबूत खुर्ची असावी आणि ती भिंतीला टेकलेली असावी. खुर्चीच्या बैठकीवर हात ठेवून एक पाऊल पुढे रोवावे, दोन श्वास थांबावे आणि श्वास सोडीत उभे राहावे. उभे राहिल्यावर लगेच चालू लागू नये. उतारवयात एकदम उठल्याने रक्तदाब उतरून चक्कर येते. एखादे वेळी घरात एकटे असताना पडण्याचा प्रसंग आला आणि हाड शाबूत असले, तर हीच विद्या कामी येते. गुडघे जमिनीवर टेकवत नसतील त्यांनी शिक्षकाला विचारून दुसरी वाट शोधावी. माझ्या आईला हे कोणी शिकविले असते तर, असा विचार त्या सतरंजीवर मनात आलाच. तिचे तर हाड मोडले होते, तिला त्याचा उपयोग झाला नसता, हे मला कळते. तरी आला.

त्यानंतर आसने आली, तीही साधी. खुर्चीतून हात न लावता दहा वेळा उठबस. भिंतीला पाठ टेकून थोडे खाली सरकणे. हेच आमचे उत्कटासन. त्याने मांड्या कामाला लागतात. ताडासन, म्हणजे दोन्ही पायांवर सारखा भार देऊन ताठ उभे राहणे. हे आसन सोपे आहे असे मला वाटत होते. बाईंनी माझ्या चपलांचे तळवे उलटून दाखविले तेव्हा समजले की गेली कित्येक वर्षे मी उजव्याच पायावर जगत होतो. मग भिंतीला एक हात लावून वृक्षासन. पाठीवर निजून पवनमुक्तासन, गुडघे हलकेच डावी-उजवीकडे नेणारे मर्कटासन, कंबर उचलण्याचे सेतुबंधासन. पालथे पडून, कोपरे न उचलता, अर्धेच भुजंगासन. शेवटी शवासन, ज्यात आमचे एस.टी.चे गृहस्थ नियमितपणे घोरतात. सारे मिळून चाळीस मिनिटे.

तोल आणि श्वास

वृक्षासनाचे महत्त्व बाईंनी मोठ्या युक्तीने पटविले. एका पायावर उभे राहिलो असता त्या म्हणाल्या, ‘भिंतीला हात लावून ठेवा, आता डोळे मिटा.’ मिटताच मी डुलू लागलो. तोल सांभाळणारे तीन पहारेकरी आहेत : डोळे, कानाच्या आतील यंत्रणा, आणि तळपायांतून व सांध्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या संवेदना. वय वाढते तसे तिघेही पेंगू लागतात. रात्री दिवा न लावता न्हाणीघराकडे निघालो की एक पहारेकरी आपणच रजेवर पाठवितो. एका पायावर उभे राहण्याचा सराव म्हणजे उरलेल्या दोघांना जागे करणे.

हा विषय हसण्यावारी नेण्याजोगा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून मरतात. अपघाती मृत्यूंत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो, आणि प्राणघातक पडण्याचे प्रमाण साठीपुढच्यांत सर्वाधिक आहे. योगाने यात काय होते? साठीपुढील लोकांवरील सहा प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. नियमित आसने करणाऱ्यांचा तोल व चालणे-फिरणे सुधारल्याचे त्यात आढळले. प्रत्यक्ष पडण्याचे प्रसंग टळतात असा दावा मात्र त्या आढाव्याने केला नाही. म्हणून मीही करीत नाही. वर्गाइतकेच महत्त्व मी न्हाणीघरातल्या दांडीला, रात्रीच्या दिव्याला आणि निसरडी पायपुसणी टाकून देण्याला देतो. दांडी मी वर्गाच्या पहिल्याच आठवड्यात बसवून घेतली. ती वीस वर्षे आधी बसवावयास हवी होती.

कंबरदुखीच्या बाबतीत पुरावा याहून भक्कम आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या वैद्यांच्या संस्थेने २०१७ साली जुनाट कंबरदुखीसाठी औषधांच्या आधी करावयाच्या उपायांत योगाचाही समावेश केला.

श्वासाविषयी थोडेसे. श्वास सावकाश घेऊन त्याहून सावकाश सोडला की हृदयाचे ठोके मंदावतात, कारण उच्छ्वासाच्या वेळी हृदयाला आवर घालणाऱ्या मज्जातंतूचा अंमल वाढतो. यात गूढ असे काही नाही. मनगटावर बोट ठेवून कोणासही अनुभव घेता येईल. आम्ही अनुलोम-विलोम करतो तो श्वास न कोंडता. नंतर भ्रामरी आणि ओंकार. मला याचा लाभ रात्री झाला. पहाटे तीनला जाग येऊन छताकडे पाहत जुने हिशेब काढण्याची मला सवय होती. आता जाग येते, पण श्वास मोजू लागलो की हिशेब अर्ध्यावरच राहतात.

कोणी काय टाळावे

योगाने आजवर कोणाचे वाईट झाले नाही, असे म्हणणारे भेटतात. त्यांनी माझी मान पाहावयास हवी होती. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील डॉक्टरांनी २००६ साली दाखवून दिले की शीर्षासनात डोळ्यांतील दाब दुप्पट होतो. तेव्हा काचबिंदू असलेल्यांनी डोके खाली व पाय वर अशी आसने करूच नयेत. रक्तदाब ताब्यात नसलेल्यांनीही ती टाळावीत. हाडे ठिसूळ झाली असतील तर कंबरेतून जोराने पुढे वाकणे धोक्याचे. त्याने मणक्याचे हाड दबून मोडू शकते, आणि बायकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. कृत्रिम गुडघा बसविलेल्यांनी शस्त्रवैद्याला विचारल्याशिवाय वज्रासनात बसू नये. हृदयरोग्यांनी श्वास कोंडणे व भस्त्रिकेसारखे जोरकस प्रकार वैद्याच्या परवानगीवाचून करू नयेत. वेदना हा शरीराचा निरोप आहे. तो आला की थांबावे.

आणि गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. अकरा महिन्यांनंतर माझी रक्तदाबाची गोळी तीच आहे, तेवढीच आहे. झीज झालेले गुडघे झिजलेलेच आहेत. योगाने मी तरुण झालो नाही. शिवाय आसनांनी सर्वच भागते असेही नाही. रोजचे अर्धा तास चालणे डॉक्टरांनी सोडू दिलेले नाही, आणि आठवड्यातून दोनदा पाण्याच्या भरलेल्या बाटल्या हातांत घेऊन मी दंडांचा व्यायाम करतो.

मग मिळाले काय? मोजे मी उभ्याने, भिंतीला टेकून का होईना, आपले आपण घालतो. बसची पायरी चढताना मागच्या माणसाला थांबावे लागत नाही. गणपतीत आरतीनंतर सतरंजीवर बसून अथर्वशीर्षाची आवर्तने पुरी केली. आणि सकाळी साडेसहाला आपण आलो नाही तर कोणीतरी ‘काका का आले नाहीत’ म्हणून फोन करते, ही निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मिळालेली गोष्ट. सौभाग्यवती प्रथम म्हणत, ‘माझा योग स्वयंपाकघरातच होतो.’ श्रावणात त्या नुसते पाहावयास म्हणून आल्या. मांडी घालून बसल्या आणि हात न टेकता उठल्या. सबंध वर्गाने टाळ्या वाजविल्या. त्या आता रोज येतात आणि घरी परतताना माझे वृक्षासन कसे चुकले ते सांगतात.

परवा बाईंनी आमची चाचणी पुन्हा घेतली. बसण्याचे चार, उठण्याचे तीन, एकूण सात. उठताना अजून एक हात व एक गुडघा टेकावा लागतो. बाई म्हणाल्या, ‘काका, आठ व्हावयास काही हरकत नाही.’ मी म्हणालो, ‘सातही चालतील.’

दिवाळी आता दारात आली आहे. चिरंजीवांनी स्टुलाची गोष्ट काढली नाही, मीही काढली नाही. पाट माळ्यावरून उतरवून मी स्वच्छ पुसून ठेवला आहे. तो आईच्याच वेळचा आहे. एका कडेला त्याचा टवका उडाला आहे. नरकचतुर्दशीला पाटाशेजारी भिंतीला टेकून खुर्ची ठेवावी असे सौभाग्यवतींना सांगितले आहे. हाताला तेल असते, लागली तर असावी. आणि थोरल्या नातवाला सांगून ठेवले आहे की, मी उठेपर्यंत त्याने फुलबाज्या लावीत गॅलरीतच थांबावे.